पहारा चुकतो तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण पट्ट्यातली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनित्रांवर आली, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बिघाडाचे धागे ४०० केव्हीच्या कळवा-पडघा वाहिन्यांपर्यंत गेले. तिथली एक वाहिनी देखभालीसाठी बंद होती आणि तेवढ्यात दुसरी ट्रिप झाली. अशी वीज गेली की कल्याण परिसरात अंधारापेक्षा मोठी अडचण पाण्याची होते. उल्हास नदीकाठी मोहने आहे आणि त्याला लागूनच मोहिलीचे जलशुद्धीकरण केंद्र. नदीतले पाणी उचलायचे, शुद्ध करायचे आणि टाक्यांपर्यंत चढवायचे, हे सगळे पंपांचे काम आहे. पंप विजेवर चालतात आणि विजेचा हिशेब आज संगणक ठेवतात. त्यामुळे हा हिशेब सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रातल्या एखाद्या संगणकात कोण शिरले, हा प्रश्न घरातल्या नळाशी जोडलेला आहे.

साडेचार महिन्यांनी या घटनेला वेगळेच वळण लागले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या दहा वीजसंस्थांना लक्ष्य केले असून पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे त्यात आहेत, असे त्याचे म्हणणे होते. वापरलेल्या हत्याराचे नाव होते शॅडोपॅड. मुंबईच्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात होते. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन, म्हणजे वेश पालटून शिरणारे घातक प्रोग्रॅम, आढळल्याचे सांगितले. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी बिघाड मानवी चुकीमुळे झाला, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असे स्पष्ट केले. एका घटनेबद्दल दोन सरकारांची दोन विधाने झाली. कोण बरोबर, हे विधानांनी ठरत नाही, यंत्रांतल्या नोंदींनी ठरते. या लेखाचे प्रतिपादन त्यातूनच निघते. संगणकावर बसवलेला सुरक्षेचा पहारा कधी ना कधी चुकणारच, म्हणून तो किती चोख आहे एवढेच विचारून भागत नाही. तो चुकल्यावर आपल्याला किती वेळात कळते, हे विचारायला हवे. लोडर नावाचे छोटे प्रोग्रॅम पहाऱ्यातून कसे निसटतात हे समजून घेतले की याचे कारण दिसू लागते.

लोडरचे काम एकच असते: खरा घातक प्रोग्रॅम संगणकाच्या मेमरीत आणून चालू करणे. लोडर आणि घातक प्रोग्रॅम वेगळे का ठेवले जातात, हे अँटिव्हायरसच्या इतिहासात सापडते. पुण्याच्या मंगळवार पेठेत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात क्विक हील बाजारात आणले, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून पसरत. नमुना हाती लागला की त्यातला ओळखीचा बाइटक्रम काढायचा, यादीत घालायचा आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहायची, ही पद्धत जगभर चालत होती. त्याला सिग्नेचर म्हणत. अडचण अशी की यादीत येण्यासाठी नमुना आधी कुणाच्या तरी संगणकात सापडावा लागतो, आणि फाइलचे रूप बदलले की जुनी नोंद निकामी होते. हल्लेखोरांनी हे लवकर ओळखले. घातक भाग कूटबद्ध करून ठेवला की डिस्कवर फक्त अर्थहीन बाइट दिसतात. तो उलगडणारा भाग तेवढा उघडा राहतो. तो लहान असतो, पुन्हापुन्हा नव्याने लिहिता येतो आणि सापडलाच तर टाकून देता येतो. मौल्यवान हत्यार मागे सुरक्षित राहते.

यादीच्या मर्यादा उघड झाल्यावर बचावाचा रोख वागणुकीकडे वळला. फाइल कशी दिसते यापेक्षा प्रोग्रॅम काय करतो, हे पाहायचे. एखाद्या लेखनाच्या प्रोग्रॅमने अचानक आज्ञावली चालवणारी खिडकी उघडली, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहायला सुरुवात केली, पासवर्ड सांभाळणाऱ्या भागाला हात घातला, तर संशय घ्यायचा. २०१३ मध्ये या प्रकारच्या साधनांना वेगळे नाव मिळाले. आज त्यांना ईडीआर म्हणतात. प्रत्येक संगणकावर त्यांचा एक छोटा प्रतिनिधी बसतो, घडामोडी टिपतो आणि मध्यवर्ती ठिकाणी पाठवतो. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक सोय दिली: एखादी स्क्रिप्ट कितीही गुंडाळलेली असली, तरी ती उलगडून चालण्याच्या क्षणी सुरक्षा प्रोग्रॅमला दाखवायची. म्हणजे आता पहारा तीन जागी आहे. डिस्कवरची फाइल तपासली जाते, मेमरीत काय उलगडते ते पाहिले जाते आणि चालू प्रोग्रॅमने यंत्रणेकडे कोणत्या मागण्या केल्या याची नोंद राहते. लोडर लिहिणाऱ्याला या तिन्ही ठिकाणांचा विचार करावा लागतो.

त्याचे पहिले उत्तर म्हणजे दुसऱ्याचा विश्वास वापरणे. प्रत्येक ईडीआरला रोज लाखो निरुपद्रवी घटना सोडून द्याव्या लागतात, नाहीतर कार्यालयाचे काम ठप्प होईल. म्हणून नामांकित कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेल्या प्रोग्रॅमकडे तो सौम्य नजरेने पाहतो. अनेक प्रोग्रॅम सुरू होताना आपल्याला लागणाऱ्या पूरक फाइली आधी स्वतःच्याच फोल्डरात शोधतात. तिथे त्याच नावाची बनावट फाइल असली, तर स्वाक्षरी असलेला खरा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने ती आत घेतो. शॅडोपॅडच्या अनेक नमुन्यांत हेच आढळले आहे: पुढे खराखुरा प्रोग्रॅम, त्याच्या शेजारी बनावट पूरक फाइल आणि कूटबद्ध ऐवज वेगळ्याच ठिकाणी. २०१७ मध्ये तर त्याहून पुढची मजल गाठली गेली. नेटसारंग या दक्षिण कोरियाशी नाते असलेल्या कंपनीच्या सर्व्हर व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्येच शॅडोपॅड मिसळला गेला आणि कंपनीच्या खऱ्या स्वाक्षरीनिशी अधिकृत अपडेटमधून ग्राहकांपर्यंत पोहोचला. इथे पहाऱ्याची नजर कमी पडली असे म्हणता येत नाही. त्याला ज्यांच्यावर विश्वास ठेवायला सांगितले होते, त्यांच्यामधूनच हल्ला आला.

दुसरे उत्तर पहारेकऱ्याच्या जागेशी संबंधित आहे. ईडीआरचा एक भाग निरीक्षणासाठी प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या आत आपले टेहळणीचे ठिपके बसवतो. पण ते ज्या मेमरीत असतात, ती त्या प्रोग्रॅमच्याच ताब्यात असते. घातक भाग एकदा आत चालू झाला की तो हे ठिपके पुसू शकतो किंवा त्यांना वळसा घालून मूळ यंत्रणेकडे थेट मागणी करू शकतो. म्हणून सुरक्षा कंपन्यांनी निरीक्षणाचा बराच भाग विंडोजच्या गाभ्याकडे नेला. मग हल्लेखोरांनी स्वाक्षरी असलेले पण दोष असलेले जुने ड्रायव्हर आणून गाभ्यातच शिरकाव सुरू केला, आणि मायक्रोसॉफ्टने अशा ड्रायव्हरांची बंदीयादी काढली. याखेरीज लोडर वेळेचाही उपयोग करतात. काही बराच काळ निपचित राहतात, तर काही आपण तपासणीसाठी बनवलेल्या नकली संगणकात आहोत का, याचा अंदाज घेतात आणि तसे वाटले तर काहीच करत नाहीत. ही चढाओढ वर्षानुवर्षे चालू आहे. तिचा शेवट एखाद्या नव्या आवृत्तीने होईल, असे मानायला आधार नाही.

तरीही या चढाओढीतून निराशेचा निष्कर्ष निघत नाही. लोडर एक खूण लपवतो तेव्हा दुसरी मागे सोडतो. डिस्कवर काही ठेवले नाही, तर मेमरीत ज्याच्यामागे कुठलीच फाइल नाही असा चालू मजकूर उरतो. खऱ्या प्रोग्रॅमचा आडोसा घेतला, तर तो प्रोग्रॅम त्याच्या नेहमीच्या जागेऐवजी भलत्याच फोल्डरातून चाललेला दिसतो. टेहळणीला वळसा घातला, तर मागणी ज्या मार्गाने यायला हवी त्या मार्गाने आलेली नसते. आणि घातक भागाला आपल्या धन्याशी बोलावेच लागते, म्हणून नेटवर्कवर त्याची चाहूल लागते. २०१७ चा शॅडोपॅड असाच सापडला. एका वित्तसंस्थेतल्या लोकांना आर्थिक व्यवहारांच्या एका यंत्राकडून अनोळखी पत्त्यांची विचारणा होताना दिसली, त्यांनी कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला कळवले आणि तपास नेटसारंगपर्यंत गेला. २०२० च्या सोलारविंड्स प्रकरणात त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सुमारे १८,००० ग्राहकांकडे दूषित अपडेट गेले होते, आणि पुढचे लोडर तर संगणकागणिक वेगळे बनवलेले होते. ती घुसखोरी उघडकीला आली फायरआय या सायबर सुरक्षा कंपनीत. एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडला गेल्याची नोंद कुणीतरी वाचली आणि त्या कर्मचाऱ्याला सरळ विचारले. दोन्ही वेळा फाइल तपासणारा पहारा चुकला होता. नोंद ठेवली गेली होती आणि ती वाचणारा माणूस जागा होता, म्हणून चोरी सापडली.

रेड टीमची गरज नेमकी इथे आहे. संस्थेने लेखी परवानगी देऊन, मर्यादा ठरवून आपल्यावरच हल्ला करायला बोलावलेले हे तज्ज्ञ. त्यांचे लोडर खऱ्या हल्लेखोरांच्या लोडरसारखेच वागतात, कारण तसे वागले तरच परीक्षेला अर्थ असतो. राफेल मज यांनी २०१२ मध्ये आणलेले कोबाल्ट स्ट्राइक आणि चेतन नायक या भारतीय अभियंत्याने २०२० च्या अखेरीस आणलेले ब्रूट रॅटेल ही या कामाची प्रसिद्ध साधने. चांगल्या रेड टीमच्या अहवालात ‘आम्ही आत शिरलो’ या वाक्याला फारसे मोल नसते, कारण कुशल टीम बहुधा शिरतेच. मोल असते वेळेच्या तक्त्याला: आम्ही कधी शिरलो, पहिली खूण कधी उमटली, ती कुणी पाहिली, पाहिल्यावर किती वेळाने यंत्र नेटवर्कपासून तोडले गेले. मायटर या अमेरिकी संस्थेने हल्ल्याच्या तंत्रांची अटॅक नावाची सूची २०१५ पासून सर्वांना खुली केली आहे. तिच्यामुळे ही परीक्षा दरवेळी एकाच मापाने घेता येते आणि यंदाचा निकाल गेल्या वर्षीच्या निकालाशी ताडता येतो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे: ही साधने चोरांच्या हाती जातात, मग ती बनवायचीच कशाला? आक्षेपामागे पुरावा आहे. कोबाल्ट स्ट्राइकच्या चोरट्या प्रती खंडणीखोर टोळ्यांनी सर्रास वापरल्या, ब्रूट रॅटेलचा गैरवापर २०२२ मध्ये उघड झाला आणि फायरआयची तर स्वतःची रेड टीमची साधनेच चोरीला गेली. पण पुढे काय घडले तेही पाहायला हवे. फायरआयने चोरी जाहीर करताना त्या साधनांना ओळखणारे नियमही सगळ्यांसाठी खुले केले. मायक्रोसॉफ्ट आणि कोबाल्ट स्ट्राइकची मालक कंपनी फोर्ट्रा यांनी २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयाचा आदेश मिळवून चोरट्या प्रतींचे सर्व्हर बंद पाडले. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या ऑपरेशन मॉर्फियसमध्ये अशा प्रतींशी जोडलेले ५९३ पत्ते बंद झाले. ज्ञात साधनाच्या खुणा ज्ञात असतात, म्हणूनच अशी कारवाई शक्य होते. शॅडोपॅड बनवणाऱ्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती आणि कुठल्याही बंदीने ते थांबले नसते. म्हणून परवाने देताना काटेकोर छाननी हवी, साधनांच्या खुणा बचाव करणाऱ्यांना खुल्या व्हायला हव्यात आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार कारवाई व्हायला हवी. परीक्षाच बंद केली, तर आपली कमजोरी फक्त हल्लेखोराला ठाऊक राहील.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे: अधिक हुशार साधन घ्या, आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे ओळखेल. साधने खरोखर सुधारली आहेत आणि ती न वापरणे हा बेजबाबदारपणा ठरेल. पण पूर्ण खात्रीचा पहारा तत्त्वतःच अशक्य आहे, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा तपासनीस आहे असे समजा. मग त्या तपासनिसालाच आपल्याबद्दल विचारणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. तपासनीस निर्दोष म्हणाला तर तो पसरेल, घातक म्हणाला तर गप्प बसेल. दोन्हीकडून तपासनीस खोटा ठरतो. आक्षेपाची दुसरी बाजू १९ जुलै २०२४ रोजी दिसली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो हल्ला नव्हता. पहारेकऱ्याला गाभ्यापर्यंत अधिकार दिले की त्याची चूकही गाभ्यापर्यंत पोहोचते, एवढाच त्याचा अर्थ. सगळा भार एकाच साधनावर टाकणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

पहारा ओलांडल्यानंतरचे तास किती महत्त्वाचे असतात, हे महाराष्ट्राने पुण्यात पाहिले आहे. कॉसमॉस ही १९०६ मध्ये स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी तिचे पैसे काढले गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम बसवून समांतर स्विच उभा केला होता. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, मधूनच होकार मिळत होता. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधल्या व्यवहारांचे संदेश नेणाऱ्या स्विफ्ट जाळ्यामार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी रुपये पाठवले गेले. एकूण हानी ९४.४२ कोटींची. घुसखोराने आत पाऊल टाकल्यापासून पैसे निघेपर्यंत त्याला यंत्रणा समजून घ्यावी लागते, हत्यार जुळवावे लागते, चाचणी करावी लागते. हा सगळा काळ बचाव करणाऱ्याचा असतो. एटीएमने दिलेले होकार आणि मूळ प्रणालीत नोंदलेले व्यवहार यांचा सतत मेळ घातला, तर असा समांतर स्विच पहिल्या काही व्यवहारांतच उघडा पडू शकतो. त्यासाठी घातक फाइल ओळखता यावी लागत नाही. हिशेब जुळत नाही एवढे दिसले की पुरते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात तो सर्वांत खरा. इथे जुन्या सहकारी बँका आहेत, महापालिकेची पाणीपुरवठा केंद्रे आहेत, लहान कारखाने आहेत. मोठ्या बँकेसारखे चोवीस तास पाळत ठेवणारे दालन यांना परवडणार नाही. रिझर्व्ह बँकेने ही वस्तुस्थिती ओळखली आहे. नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने किमान नियम घातले आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार जबाबदाऱ्यांचे चार स्तर केले. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लहान संस्थेकडे एक मोठी सोयही आहे, ती म्हणजे तिच्या यंत्रांचे काम ठरलेले असते. पंप चालवणाऱ्या संगणकावर वर्षभर तेच चार प्रोग्रॅम चालतात. तिथे घातक फाइलींची यादी बाळगण्यापेक्षा परवानगी असलेल्या प्रोग्रॅमची छोटी यादी करून बाकी सगळे बंद ठेवणे स्वस्त पडते आणि अधिक परिणामकारक ठरते. पूरक फाइलींनाही हाच नियम लावला, तर शॅडोपॅडच्या पद्धतीलाच खीळ बसते. पंपांचे नेटवर्क कार्यालयातल्या ईमेलपासून वेगळे ठेवणे, नोंदी त्या यंत्राबाहेर साठवणे आणि संगणक बंद असताना पंप हाताने चालवण्याचा सराव करणे, यांपैकी कशालाही परदेशी साधन लागत नाही. पूर्ण रेड टीम परवडत नसेल, तर आसपासच्या चार-पाच संस्थांनी मिळून दोन वर्षांतून एकदा परीक्षा घ्यावी. सहकाराची परंपरा असलेल्या या भागाला हे जड जाऊ नये.

कळवा-पडघा बिघाडाबद्दल केंद्राचे म्हणणे बरोबर असेल, तर हे सगळे अनाठायी ठरत नाही का? ठरत नाही, कारण हे प्रतिपादन त्या बिघाडाचे कारण काय होते यावर उभे नाही. एप्रिल २०२२ मध्ये लडाखजवळच्या उत्तर भारतातल्या किमान सात राज्य भार प्रेषण केंद्रांना लक्ष्य केल्याचा रेकॉर्डेड फ्यूचरचा दुसरा अहवाल आला, आणि त्यातही शॅडोपॅड होता. वीजयंत्रणेत शिरण्याचे प्रयत्न होत आहेत, एवढे त्यातून स्पष्ट होते. अशा वेळी प्रत्येक बिघाडानंतर ‘हे यंत्राने केले, माणसाने केले की घुसखोराने’ याचे उत्तर नोंदींवरून काही दिवसांत देता आले पाहिजे. मानवी चूक होती असे म्हणणाऱ्यालाही पुरावा लागतोच. नागरिकांनी, नगरसेवकांनी आणि बँकेच्या सभासदांनी आपापल्या संस्थेला विचारायचे प्रश्न मग तीनच उरतात. शेवटची परीक्षा कधी घेतली? त्यात घुसखोर आत आल्याचे किती वेळात कळले? आणि आधीच्या परीक्षेपेक्षा तो वेळ कमी झाला का? साधन कोणत्या कंपनीचे घेतले, हे निविदेच्या कागदावर आयते वाचायला मिळते. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र काम केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि ती सभेपुढे दरवर्षी ठेवली जातील, हा आग्रह आपणच धरायला हवा.